शिरगावचं तेल, म्हापशाचा मोगरा

सात बहिणी आणि एक भाऊ, अशी आजीची गोष्ट सुरू व्हायची. लईराई शिरगावात राहिली, केळबाय मुळगावात, महामाया मयेला, मोरजाई दर्याकाठी मोरजीला, तर अजदीपा थेट अंजदीव बेटावर. विस्तव आणायला पाठवलेला खेतोबा खेळात रमला, म्हणून लईराईनं त्याला लाथ मारली. भावाला पाय लागल्याचं प्रायश्चित्त म्हणून ती निखाऱ्यांवरून चालली. म्हणूनच वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत व्रतस्थ धोंड गोंडे लावलेली वेताची काठी घेऊन होमकुंडातून जातात. इथवर रंगून सांगितल्यावर आजी आवाज न बदलता म्हणायची, ‘‘आणि म्हापशाची मिराबाय किरिस्तांव झाली.’’

‘‘मग तिला टाकली?’’

‘‘टाकतील कशी रे? भैण ना ती!’’

पुढे इतिहास वाचला, तेव्हा या गोष्टीखालचा नकाशा दिसला. बार्देस 1543 मध्ये पोर्तुगीजांकडे गेलं. तिथं फ्रान्सिस्कन पाद्री आले, देवळं पाडली गेली आणि 1594 मध्ये म्हापशात सेंट जेरोमचं चर्च उभं राहिलं. डिचोली आणि पेडणे मात्र पोर्तुगीजांच्या हाती लागले ते 1780 च्या दशकात. म्हणजे शिरगाव, मुळगाव, मये, मोरजी सरहद्दीच्या अलीकडे आणि म्हापसा पलीकडे, असं दोन शतकांहून अधिक काळ चाललं. पलीकडे सापडली ती मिराबाय मिलाग्रीस सायबीण, म्हणजे चर्चमधली मेरीमाता, झाली. इन्क्विझिशनच्या 1736 च्या फर्मानानं तर ख्रिस्ती घरांना दारातली तुळसही वर्ज्य केली होती. आजीच्या गोष्टीत फौज नाही, पाद्री नाही, पाडलेलं देऊळही नाही. आहे ती फक्त दूर दिलेली बहीण.

ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी येणाऱ्या सोमवारी म्हापशाला मिलाग्रीसचं फेस्त भरतं. मावशीबरोबर मी त्या रांगेत उभा राहिलो आहे. पुढे फ्रॉकातली म्हातारी, मागे कुंकू ल्यालेली सासुरवाशीण आणि दोघींच्या हातात तेलाची बाटली. नवस बोलायचा तोही दोघींनी एकाच सायबिणीला. शिरगावच्या देवळातून या फेस्ताला तेल जायचं आणि लईराईच्या जत्रेला म्हापशाहून मोगऱ्याच्या कळ्या यायच्या, असं जुनी माणसं सांगतात. लईराईला मोगरा भारी प्रिय.

याला कुणी सर्वधर्मसमभाव म्हणतात. मला तो शब्द इथं बेगडी वाटतो. ही गोष्ट सांगून पाडलेल्या देवळांवर पांघरूण घालता येत नाही, घालूही नये. देऊळ राखणं गावकऱ्यांच्या हाती नव्हतं. नातं राखणं होतं, तेवढं त्यांनी राखलं, आणि तेही दोन्ही बाजूंनी.

गावागणिक या गोष्टीचे तपशील बदलतात. तुमच्या घरी ती सांगणारं कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि त्यांच्याच शब्दांत ती लिहून ठेवा.