अग्रदूताचा मान आणि उपेक्षा : 'कार्डिनल' (१९९४)

वाङ्मयाच्या इतिहासात काही कृतींच्या वाट्याला अग्रदूताचा मान येतो. पुढे वाहू लागलेल्या प्रवाहाचे पहिले पाणी येथे दिसले, एवढी नोंद होते आणि इतिहासकार पुढे निघून जातो. हा मान म्हणजे उपेक्षेचाच एक सभ्य प्रकार आहे, असे आम्हांस वाटते. लोकप्रिय संगीताच्या इतिहासातील त्याचे एक बोलके उदाहरण म्हणजे १९९४ साली अमेरिकेत 'फ्लायडॅडी' या छोट्या कंपनीने काढलेला 'कार्डिनल' हा अल्बम. नव्वदच्या दशकातील 'चेंबर पॉप'ची एक सुरुवात, असा त्याचा उल्लेख जाणकार करतात. तो उल्लेख चुकीचा नाही, अपुरा आहे.

'चेंबर म्युझिक' म्हणजे युरोपीय परंपरेतील, दालनात बसून मोजक्या वादकांनी वाजवायचे संगीत. आपल्याकडील बैठकीप्रमाणे तेही जवळून ऐकायचे असते. ही जवळीक पॉप गीतात आली ती साठच्या दशकात. १९६६ साली बीटल्सच्या 'एलिनॉर रिग्बी'त जॉर्ज मार्टिन यांनी गिटार व ड्रम्स बाजूला ठेवून केवळ आठ तंतुवादक वापरले. त्याच वर्षी बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' आला आणि न्यूयॉर्कच्या 'लेफ्ट बँक' या गटाचे 'वॉक अवे रने' गाजले. १९६८ मध्ये इंग्लंडमधील 'झॉम्बीज'चा 'ओडेसी अँड ऑरॅकल' प्रसिद्ध झाला, पण तोवर तो गट फुटलाही होता. पुढे पंकच्या लाटेनंतर जी स्वतंत्र, म्हणजे 'इंडी', वर्तुळे उभी राहिली, त्यांना तंतुवाद्यांचा ताफा बड्या कंपन्यांच्या डामडौलाचे चिन्ह वाटू लागला. खरेपणा हवा तर ओबडधोबडपणा हवा, हा तेथील अलिखित दंडक होता.

१९९४ साली हा दंडक ऐन भरात होता. 'निर्वाणा'चा 'नेव्हरमाइंड' १९९१ मध्ये आला आणि सिॲटलचे कर्कश, वेदनामय ग्रंज संगीत जगभर पोचले. एप्रिल १९९४ मध्ये कर्ट कोबेनचा मृत्यू झाला. अशा काळात दहा गाण्यांचा, जेमतेम अर्ध्या तासाचा, ट्रम्पेट व तंतुवाद्यांनी सजलेला अल्बम काढणे ही अभिरुचीच्या प्रचलित कल्पनेविरुद्ध घेतलेली भूमिका होती.

ती घेणारे दोघे होते. रिचर्ड डेव्हिस हा ऑस्ट्रेलियन, सिडनीच्या 'द मोल्स' या गटाचा गीतकार-गायक. या गटाच्या १९९१ मधील अल्बमचे नाव 'अनट्यून द स्काय'. सेंट सिसिलियाच्या दिनानिमित्त १६८७ साली ड्रायडनने रचलेल्या गीताचा शेवट याच शब्दांनी होतो, हे इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना आठवेल. सुराने विश्व रचले आणि अखेरीस सूरच ते विस्कटेल, अशी ती कल्पना. दुसरा एरिक मॅथ्यूज, अमेरिकेतील ऑरेगनचा, पाश्चात्त्य अभिजात पद्धतीत तयार झालेला ट्रम्पेटवादक. दोघांची गाठ बॉस्टनमध्ये पडली. ड्रम्सवर 'सिबॅडो' गटाचा बॉब फे होता. हा गट घरगुती ध्वनिमुद्रणाच्या ओबडधोबड शैलीसाठी ओळखला जाई, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

बहुतेक गाणी डेव्हिसची, तर वाद्यरचना मॅथ्यूजची. 'कार्डिनल'चे मर्म या श्रमविभागणीत आहे. डेव्हिसचे गीत अपेक्षित वळणावर वळत नाही. ओळ मध्येच तुटते, अर्थ अर्धवट उघडा राहतो, आवाजही घोटलेला नाही. 'लास्ट पोएम्स' या गाण्याचे शीर्षक हाउसमन व येट्स यांच्या संग्रहांची आठवण जागवते, पण गाणे त्या आठवणीचा आधार घेऊन भारदस्त होऊ पाहत नाही. मॅथ्यूजची रचना मात्र काटेकोर आहे. ट्रम्पेट नेमक्या जागी येतो, आपले वाक्य पुरे करतो, थांबतो. एक जण सूर विस्कटतो आणि दुसरा तो लावतो, आणि दोघांपैकी कोणीही जिंकत नाही. 'इफ यू बिलीव्ह इन ख्रिसमस ट्रीज' या पहिल्याच गाण्यात हा ताण ऐकू येतो. वाद्ये शब्दांतले कोडे सोडवायला धावत नाहीत. ते जपून ठेवतात.

हे केवळ साठच्या दशकाचे स्मरणरंजन आहे, असा आक्षेप घेता येईल. अल्बममध्ये 'मॉर्टिमर' या न्यूयॉर्कच्या गटाचे १९६८ मधील 'सिंगिंग टू द सनशाइन' पुन्हा गायले आहे. म्हणजे ऋण उघडपणे मान्य केले आहे. परंतु निवड पाहावी. गाणे बीटल्सचे नाही, जवळजवळ विसरल्या गेलेल्या एका गटाचे आहे. परंपरेतून काय उचलावे याचा निर्णय म्हणजे वाचनच होय, आणि 'कार्डिनल' हे त्या दशकाचे एक चिकित्सक वाचन आहे.

या ताणाचे मोल तो सुटल्यावर अधिक कळते. अल्बमनंतर लवकरच दोघे वेगळे झाले. मॅथ्यूजचा 'इट्स हेवी इन हिअर' १९९५ मध्ये निघाला, तोही 'निर्वाणा'चा पहिला अल्बम काढणाऱ्या सिॲटलच्या 'सब पॉप'कडून. तो देखणा आहे, पण त्यात शिस्तीला अडवणारे कोणी नाही. डेव्हिसचा 'देअर्स नेव्हर बीन अ क्राउड लाइक धिस' १९९६ मध्ये आला. त्यात कल्पकता आहे, पण तिला तोलून धरणारे दुसरे मन नाही. दोन्ही अल्बम चांगले आहेत, आणि म्हणूनच ही तुलना बोधप्रद ठरते. २०१२ साली दोघांनी एकत्र येऊन 'हिम्स' हा दुसरा अल्बम केला. मधल्या अठरा वर्षांत चेंबर पॉपला घर मिळाले होते : ग्लासगोच्या 'बेल अँड सेबॅस्टियन'चा 'टायगरमिल्क' १९९६ मध्ये केवळ हजार प्रतींत निघाला, तर २००४-०५ पर्यंत 'आर्केड फायर' आणि सुफ्यान स्टीव्हन्स यांच्यामुळे इंडी संगीतात वाद्यवृंद ही सर्वपरिचित गोष्ट झाली. ज्या गोष्टीसाठी १९९४ मध्ये धाडस लागले, ती आता रीत झाली होती.

नेमके येथेच अग्रदूताचे बिरूद दिशाभूल करते. पुढच्यांनी वाद्ये वापरली म्हणून 'कार्डिनल' महत्त्वाचा, असे म्हटले की त्याचे श्रेय त्याच्या वारसांकडून उसने आणलेले ठरते. उद्या त्या वारसांची चलती ओसरली की तेही ओसरेल. शिवाय जे पुढे रुळले ते वाद्यांचे वैभव. दोन विरोधी स्वभावांचा समतोल पुढे नेता येण्यासारखा नव्हताच. तो एकदाच साधला. वंशावळीचा इतिहास आवश्यक आहे, पण जे वंशात उतरत नाही त्याची नोंद त्याला करता येत नाही. ते काम समीक्षेचे आहे. साहित्य शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी हा अल्बम ऐकावा तो एका शैलीचा आरंभ म्हणून नव्हे, एक पूर्ण झालेली कृती म्हणून. शेवटचे 'सिल्व्हर मशीन्स' संपेपर्यंत, आणि शक्यतो सलग.