धाकट्या पातीचा कॅमेरा

बैलगाडा शर्यतीच्या घाटात पुढची बारी सुटायला वेळ होता. शेजारी उभा असलेला एक पोरगा माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "काका, लेन्स काढून दाखवा की."

"निघत नाही रे."

"म्हंजे डीएसएलआर नाय का हा?"

नाही म्हटल्यावर त्याने जो चेहरा केला, तो मला पाठ आहे. गेल्या कित्येक वर्षांत तो चेहरा मी मंचरच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, भीमाशंकरच्या पायऱ्यांवर पाहिला आहे. आमच्याकडे 'डीएसएलआर' हे यंत्राचं नाव राहिलेलं नाही, ती प्रतिष्ठा आहे. लग्न ठरताना वाजंत्री, आचारी आणि 'डीएसएलआरवाला' एका दमात सांगितले जातात. लेन्स निघत नाही म्हणजे कॅमेरा धाकट्या पातीचा.

आता अवसरी खुर्दमध्ये राहणाऱ्याला धाकटेपणाचं वाईट वाटून चालत नाही. गावाच्या नावातच ते आहे. फारसीतला 'खुर्द' म्हणजे लहान; 'बुजुर्ग' म्हणजे थोरला, त्याचं आपण 'बुद्रुक' केलं. पण खुर्द म्हणजे बुद्रुकची खराब प्रत नव्हे, हे शेजारच्या अवसरी बुद्रुकचा माणूसही मान्य करील. या कॅमेऱ्याचंही तसंच आहे, फक्त त्याची वंशावळ कोणी नीट सांगत नाही.

त्याला 'ब्रिज कॅमेरा' म्हणतात, म्हणजे पूल. हे नाव फिल्मच्या काळातलं. १९८० नंतरच्या दशकात बाजारात दोन गट होते. एक खिशातला साधा कॅमेरा, दुसरा एसएलआर. एसएलआरमध्ये लेन्समागे तिरका आरसा असतो. लेन्समधून आलेलं दृश्य तो वर डोळ्याकडे पाठवतो आणि बटण दाबलं की बाजूला होऊन फिल्मला वाट देतो. या दोन काठांच्या मध्ये जपानी कंपन्यांना गिऱ्हाईक दिसलं. १९८८ मध्ये रिकोचा 'मिराई', चिनॉनचा 'जेनेसिस', ऑलिंपसचा 'एझेड-३००' हे कॅमेरे आले. १९९० मध्ये ऑलिंपसची 'आयएस' मालिका. लेन्स अंगालाच जोडलेली, झूम असलेली, आकार हातात हँडीकॅम धरल्यासारखा. 'मिराई' म्हणजे जपानीत भविष्य. ते भविष्य काही फार टिकलं नाही, पण नाव मागे राहिलं.

गंमत अशी की आज माझ्या गळ्यात आहे तो कॅमेरा या घराण्याचं फक्त आडनाव लावतो. त्याचं रक्त दूरदर्शनच्या घरातलं आहे.

झूमपासूनच बघा. घाटात उभ्या माणसाची अडचण काय असते? घोडी पुढे, मागे बैल, काही सेकंदांत बारी संपते. आणि जवळ जायची सोय नाही, गेलात तर बैलांच्या पायाखाली. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर बेसबॉलचे सामने टीव्हीवर दाखवू लागले तेव्हा कॅमेरावाल्यांची हीच अडचण होती. तोवर टीव्हीच्या कॅमेऱ्यावर तीन-चार लेन्स एका फिरत्या चकतीवर बसवलेल्या असत. जवळचं दाखवायचं तर चकती फिरवायची, तेवढ्यात चेंडू गेलेला. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेल्या फ्रँक बॅक यांनी 'झूमार' नावाची लेन्स तयार केली. मागची दांडी ढकलली-ओढली की आतली भिंगं सरकायची आणि दृश्य न तुटता जवळ यायचं. 'झूम' हा शब्द मुळात वैमानिकांचा, विमान एकदम उभं वर चढवण्यासाठी वापरलेला. फोटोच्या कॅमेऱ्यांसाठी बॅक यांचीच झूम लेन्स फोइग्टलेंडर कंपनीने १९५९ मध्ये आणली: ३६ ते ८२ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम सव्वादोन पट. अस्सल फोटोग्राफर तेव्हा तिच्याकडे त्या पोरासारखंच बघत.

दुसरी खूण याहून पक्की आहे, आणि ती तपशिलाच्या कागदावर रोज छापली जाते. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर '१/२.३ इंच' आहे. गणित केलं तर हे ११ मिलिमीटर होतात. पण सेन्सर मोजला तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ७.७ मिलिमीटरच भरतो. उरलेले गेले कुठे? ते काचेच्या नळीत गेले. १९५० च्या सुमारास टीव्ही कॅमेऱ्यात 'व्हिडिकॉन' नावाची नळी आली. तिचं माप सांगायचे ते बाहेरच्या काचेचं. आत चित्र पडायचं त्या जागेचा कर्ण त्याच्या साधारण दोन-तृतीयांश. नळ्या गेल्या, त्यांच्या जागी सिलिकॉनची चकती आली, पण माप सांगायची रीत तीच राहिली. विहिरीचा व्यास कठड्याच्या बाहेरून मोजावा आणि तोच पाण्याचा म्हणून सांगावा, तसं हे. डीएसएलआरवाले सेन्सर मिलिमीटरमध्ये सांगतात, कारण त्यांचा पूर्वज फिल्म; आमचे इंचात सांगतात, कारण आमचा पूर्वज टीव्ही. कूळ ओळखायला याहून दुसरा दाखला नको.

फोटो न हलण्याची सोयही तिकडचीच. मात्सुशिता कंपनीतले मित्सुआकी ओशिमा यांनी हाताचा कंप ओळखून चित्र स्थिर करायची युक्ती शोधली, आणि १९८८ मध्ये ती प्रथम पॅनासोनिकच्या व्हिडिओ कॅमेऱ्यात आली. एसएलआरच्या लेन्समध्ये ती पोचायला १९९५ उजाडलं. डोळा लावायची जागा, जिच्यात आरशातलं दृश्य नसून छोटासा पडदा असतो, तीही हँडीकॅमचीच.

हे सगळं वारसाहक्काने एकत्र आलं डिजिटल काळात. १९९८ चा सोनीचा 'माविका एफडी-९१' फोटो चक्क फ्लॉपीवर साठवायचा, पण त्याला १४ पट झूम होतं आणि कंप सावरण्याची सोयही. २००० मध्ये ऑलिंपसने १० पट झूमचा 'सी-२१००' आणला, २००२ मध्ये पॅनासोनिकने १२ पटीचा 'एफझेड-१'. मग कंपन्यांत आकड्यांची शर्यतच लागली. २००८ मध्ये निकॉन १८ वर, २०१२ मध्ये कॅनन ५० वर, २०१५ मध्ये निकॉनचा 'पी-९००' थेट ८३ वर, २०१८ मध्ये 'पी-१०००' १२५ वर. 'पी-९००' ने हातात धरून काढलेले चंद्राचे व्हिडिओ तेव्हा जगभर फिरले. पृथ्वी सपाट आहे असं मानणाऱ्या मंडळींचाही तो लाडका कॅमेरा. क्षितिजाखाली गेलेलं जहाज झूम करून परत आणता येतं असं ते सांगतात. जहाजाचा बुडालेला भाग काही त्यांना अजून आणता आलेला नाही.

८३ पट म्हणजे ८३ पट जवळ, असं मात्र नाही. २४ मिलिमीटरच्या रुंद दृश्यापासून २००० पर्यंत, यातलं ते गुणोत्तर. साध्या डोळ्याला दिसतं त्याच्याशी, म्हणजे ५० मिलिमीटरच्या लेन्सशी तुलना केली तर ४० पट. बांधापासून ६० मीटरवर विजेच्या तारेवर कापशी बसलेली असते. कबुतराएवढा शिकारी पक्षी, पांढरा-करडा, खांद्यावर काळा डाग. नुसत्या डोळ्याला तो कापसाचा बोळा. झूम पूर्ण ताणलं की दीड मीटरवर येतो आणि त्याचा डोळा दिसतो: गुंजेसारखा लाल, वर काळी भुवई. पायात उंदीर असेल तर उंदराच्या मिशाही. मात्र इतक्या ताणलेल्या दृश्याची रुंदी एका अंशाची असते. हात जरा हलला की कापशी गायब, नुसतं आभाळ. मग बाजूचं बटण दाबून दृश्य रुंद करायचं, पक्षी पुन्हा हुडकायचा, बटण सोडायचं. पहिला महिना मी तारांचेच फोटो काढले.

हे जमतं कसं, त्याचा हिशेब जमिनीच्या भाषेत सांगतो. माझा सेन्सर ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून लहान. पूर्ण फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४. माझा एक गुंठा धरला तर तो ३० गुंठे, पाऊण एकर. नेहमीच्या डीएसएलआरचा १३ गुंठ्यांच्या आसपास. आता चित्र पाडायची जागाच एक गुंठा असल्यावर लेन्सही तेवढीच लहान पुरते. 'पी-९००' ची लेन्स प्रत्यक्षात ३५७ मिलिमीटरची आहे; २००० हा आकडा पूर्ण फ्रेमच्या मानाने सांगितलेला. ताणलेल्या स्थितीत तिचं तोंड साडेपाच सेंटिमीटर. खरोखरची २००० ची तेवढीच उजळ लेन्स करायची तर पुढची काच एक फूट व्यासाची लागेल, परातीएवढी. निकॉनची ५०० मिलिमीटरची मोठी लेन्स एकटीच तीन किलोवर जाते. 'पी-९००' कॅमेरा, लेन्स, बॅटरी सगळं धरून ८९९ ग्रॅम. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात मोटार चालू करायची किल्ली, असं शेतावर जाता येतं.

पण एका गुंठ्यात ऊन किती पडणार? उजेड असेपर्यंत हा कॅमेरा राजा, दिवेलागणीला रंक. आणि आमच्या भागात जे बघावं ते नेमकं दिवेलागणीला निघतं. डिंभ्याच्या कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि उसात बिबट्या घर करून राहिला. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चारही तालुके वनखात्याच्या जुन्नर विभागात येतात. माणिकडोहला बिबट निवारा केंद्रच आहे. मला एकदाच तो घराच्या गच्चीवरून नीट दिसला, संध्याकाळी सातच्या सुमारास, उसाच्या कडेला बांधावर बसलेला. सोळा फोटो काढले. सोळाही फोटोंत बाजरीच्या पिठात बोट फिरवल्यासारखा एक पिवळा डाग आहे. पाऊण एकरवाल्याला तिथे फोटो मिळाला असता, हे कबूल करतो. दुरून येणारं अंधुक काही टिपायचं तर तोंड मोठं लागतं. इथून जवळच खोडदच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या ४५-४५ मीटरच्या उगाच नाहीत.

दुसरा दोष मला भंडाऱ्याने शिकवला. झूम करताना लेन्सची नळी बाहेर येते तेव्हा हवा आत ओढते, हवेबरोबर धूळ. एका यात्रेत भंडारा उधळत असताना मी नळी आत-बाहेर करत होतो. घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोटोत आभाळावर पुसट ठिपके. लेन्स निघत नाही, त्यामुळे काच पुसता येत नाही. दुरुस्तीवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी ठिपक्यांसह जगायला शिकलो.

आता त्या पोराला सांगायची राहिलेली गोष्ट. डीएसएलआरवाले आमच्या डोळा लावायच्या पडद्याला हसत. म्हणत, तुम्ही खरं बघत नाही, टीव्ही बघता. २००८ मध्ये पॅनासोनिकने आरसा काढून टाकला, तो पडदा ठेवला, लेन्स मात्र निघणारी दिली. तो 'जी-१', पहिला मिररलेस. पुढे सगळा बाजार त्या वाटेने गेला. निकॉन आणि कॅनन नवे महागडे कॅमेरे आता मिररलेसच काढतात, आणि त्यांचे ग्राहकही टीव्हीच बघतात. पूल राहिला आणि थोरला काठच खचला. पुलाखालूनही पाणी गेलंच: २०१० मध्ये जगभरात १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे गेले होते, २०२० मध्ये ९० लाखसुद्धा नाहीत. बाकीचे मोबाइलने खाल्ले. लहान कॅमेऱ्यांत टिकलं ते जे मोबाइलला जमत नाही, म्हणजे लांबचं. २०२५ मध्ये निकॉनने 'पी-११००' काढला तो २०१८ चीच १२५ पट लेन्स लावून.

तेव्हा कोणी विचारलं तर माझं मत सरळ आहे. लग्नं करायची असतील, अंधारात काम असेल, तर डीएसएलआर किंवा मिररलेस घ्या. बांधावर उभं राहून पक्षी, चंद्र आणि घाटातली बारी बघायची असेल तर धाकटा पुरे, फक्त भंडाऱ्यापासून जपा. आणि बिबट्या दिसला तर मोबाइल उंच धरून चार पावलं पुढे जाणाऱ्यांत जाऊ नका. आहात तिथूनच, शक्यतो घरातून, झूम करा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावा. फोटो अंधुक आला तरी चालेल.