२५ मार्च १८४३ : टेम्सच्या पोटातला रस्ता

लंडनमध्ये टेम्स नदीखालचा बोगदा १८४३ साली आजच्या दिवशी खुला झाला. जहाजांची वाट न अडवता गाड्या पलीकडे नेण्यासाठी मार्क ब्रुनेल यांनी १८२५ मध्ये काम हाती घेतले. लोखंडी चौकटीच्या खणांत उभे राहून मजूर समोरची एकेक फळी काढत, साडेचार इंच माती कोरत, फळी पुन्हा टेकवत. मागून गवंडी विटा रचत येत. तरीही नदी आत घुसलीच. जानेवारी १८२८ मध्ये सहा जण बुडाले, काम सात वर्षे थांबले. पण या बोगद्याला हरवले ते पाण्याने नव्हे, उताराने. घोडागाड्यांसाठी लागणारे लांबलचक उतार बांधायला पैसाच उरला नाही. लोक एक पेनी मोजून जिन्याने उतरू लागले आणि १८६९ मध्ये तिथून रेल्वे धावली.

कोणी म्हणेल, ही जुनी अडचण आज कशाला उगाळायची? कोलकात्यात २०२४ पासून हुगळीखालून मेट्रो धावतेच की! खरे आहे, पण मेट्रोचा प्रवासी जिन्याने उतरतो, मालट्रकला उतारच लागतो. वेदगंगेच्या महापुराने २०१९ आणि २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला पुणे-बंगळूर महामार्ग बंद पाडला. तिथे बोगदा काढायचा तर त्याची तोंडे पूररेषेबाहेर, दूर न्यावी लागतील. नाहीतर पुराचे पाणी आधी त्यातच शिरेल. जहाजे नसलेल्या आपल्या नद्यांवर उंच पूलच शहाणपणाचा. लंडनला मात्र जहाजांमुळे बोगदाच हवा होता. तिथल्या रॉदरहाइथ भागात उतारांसकट गाड्यांचा बोगदा अखेर १९०८ मध्ये झाला.