वसंतराव नाईक यांच्या सामाजिक सुधारणांचे मूल्यमापन : रोजगार हमी योजनेच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

नोव्हेंबर १९६३ च्या अखेरीस जगाच्या दोन टोकांना दोन सत्तांतरे घडली. २२ नोव्हेंबर रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन सत्तेवर आले. २४ नोव्हेंबर रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे निधन झाले. पी. के. सावंत यांनी काही दिवस कारभार सांभाळल्यानंतर ५ डिसेंबर रोजी वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. हा केवळ योगायोग होय. तथापि दारिद्र्यनिवारणाचे श्रेय पुढे ज्यांच्या नावावर जमा झाले, असे हे दोन नेते असल्याने जॉन्सन यांच्या उदाहरणाच्या प्रकाशात नाईक यांच्या कामगिरीकडे पाहणे उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात रोजगार हमी योजना केंद्रस्थानी ठेवून आणि जालना परिसर नजरेसमोर ठेवून नाईक यांच्या सामाजिक सुधारणांचा विचार केला आहे.

जॉन्सन यांनी नाकारलेला मार्ग :

जॉन्सन यांनी जानेवारी १९६४ मध्ये दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मतदान हक्क कायदा आणि त्याच वर्षीची वृद्धांसाठीची आरोग्यविमा योजना ही त्यांची ठोस कामगिरी होय. अमेरिकेतील दारिद्र्याचे अधिकृत प्रमाण १९६४ मधील सुमारे १९ टक्क्यांवरून १९६९ पर्यंत सुमारे १२ टक्क्यांवर आले. व्हिएतनाम युद्धाने मात्र या कार्यक्रमांचा पैसा आणि त्यांच्या कर्त्याची प्रतिष्ठा दोन्ही गिळले. नाईक यांच्याशी तुलना करताना एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी लागते. गरिबांना थेट काम द्यावे व त्यासाठी सिगारेटवरील कर वाढवावा, असा प्रस्ताव मजूरमंत्री विलर्ड वर्ट्झ यांच्या बाजूने पुढे आला होता. जॉन्सन यांनी तो स्वीकारला नाही. प्रशिक्षण आणि स्थानिक समुदायांचे कार्यक्रम यांवर भर दिला. जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्राने जो खर्च टाळला, तो पुढे दुष्काळाने पिचलेल्या एका भारतीय राज्याने पत्करला. त्याचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

योजनेचा उगम :

रोजगार हमीची मूळ कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा पहिला प्रयोग झाला. मागणाऱ्यास काम हे तिचे सूत्र होते. १९७२ मध्ये नाईक यांच्या शासनाने ती राज्याची योजना म्हणून स्वीकारली. परंतु ती रुजण्यापूर्वीच पावसाने पाठ फिरवली. औरंगाबाद जिल्हा हा सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता, आणि जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके त्या वेळी त्याच जिल्ह्यात होते. (परतूर परभणी जिल्ह्यात होता, स्वतंत्र जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला.) मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते आणि खडी फोडणे या कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने राबल्या. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी या परिसरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आजही आहे.

भूकबळी मोठ्या प्रमाणावर टळले, ही नाईक शासनाची निर्विवाद कामगिरी मानावी लागेल. खजिन्यावर पडणाऱ्या भाराची तमा न बाळगता कामे उघडण्याचा निर्णय राजकीय होता व तो त्यांनी घेतला. पण तो पोकळीत घेतला गेला नाही. डावे पक्ष आणि लाल निशाण पक्ष यांनी दुष्काळी कामांवरील मजुरांना संघटित केले होते. शहरांत महागाईविरोधी महिलांचे मोर्चे निघत होते. मागणीचा रेटा खालून होता. योजनेला कायमचा निधी देणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये शंकरराव चव्हाण यांच्या काळात आला. हमीचा कायदा विधिमंडळाने १९७७ मध्ये संमत केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणीनंतर १५ दिवसांत काम, अन्यथा बेकारी भत्ता, ही त्यातील तरतूद नाईक पदावरून गेल्यानंतरची आहे. सबब 'नाईकांची रोजगार हमी' हा रूढ शब्दप्रयोग इतिहासाच्या कसोटीवर अर्धाच उतरतो.

जमिनीचा प्रश्न :

उरलेला अर्धा भाग अधिक गंभीर आहे. नाईक मुख्यमंत्री होऊन एक वर्ष होते न होते तोच ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. पडीक व सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी होती. मराठवाड्यात, जेथे गायरानावर दलित भूमिहीन कुटुंबे पोट भरत होती, तिचा अर्थ फार जवळचा होता. महसूलमंत्री असताना नाईक यांनीच १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा हाताळला होता. त्यात कोरडवाहू जमिनीची मर्यादा क्षेत्रानुसार ६६ ते १२६ एकर ठेवलेली होती. एवढ्या सैल मर्यादेतून वाटपाला जमीन निघणार किती? ही मर्यादा ५४ एकरांवर आणणारी दुरुस्ती १९७५ मध्ये अमलात आली, तेव्हा नाईक पदावर नव्हते.

भूमिहीनांनी जमीन मागितली होती. त्यांना काम मिळाले. दुष्काळात काम हेच प्राण होते, हे नाकारता येत नाही. परंतु कामातून निर्माण झालेली संपत्ती कोणाकडे गेली, हे तपासल्याशिवाय त्याला सामाजिक सुधारणा म्हणणे घाईचे ठरेल. पाझर तलावाचे पाणी मुरते ते त्याच्या खालच्या शिवारातील विहिरींत. विहीर असते जमीनवाल्याची. नाईक यांच्याच काळात संकरित बियाण्यांचा प्रसार झाला. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच महिको, स्थापन केली आणि पुढे हे शहर बियाण्यांची पेठ म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. बीजोत्पादनाचा प्लॉट घ्यायला मात्र पाण्याची खात्री लागते. म्हणजे एकाच राजवटीच्या दोन यशस्वी धोरणांचा लाभ शेवटी एकाच बांधावर जमा झाला आणि मजूर दोन्हीकडे मजूरच राहिला.

स्वतः बंजारा तांड्यातून आलेल्या, सत्ताधारी मराठा वर्गाबाहेरच्या नेत्याने अकरा वर्षांहून अधिक काळ राज्य चालवले, ही घटना सामाजिकदृष्ट्या लहान नाही. पण त्या सत्तेचा पाया बागायतदार आणि सहकारी साखर कारखान्यांच्या वर्गावर होता, आणि जमिनीच्या प्रश्नाला हात घालणे म्हणजे तो पाया हलवणे होते. जॉन्सन यांनी दक्षिणेकडील गोऱ्या मतदारांचा रोष ओढवून घेऊन नागरी हक्क कायदा केला. रोजगाराचा खर्च मात्र टाळला. नाईक यांनी खर्च केला. आपल्या आधारवर्गाचा रोष टाळला.

मराठवाड्यातील भूमिहीन दलितांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. १४ एप्रिल १९९० पूर्वीचा ताबा सिद्ध करणे ही त्यातील अट होती. ज्यांच्या हाती दाखवण्यासारखा कागद कधी आलाच नाही, त्यांच्याकडे तो मागितला गेला.