संगणकाचें दप्तर: वेग कीं विस्तार?

पेढीच्या खिडकीशीं उभ्या असलेल्या माणसाची अपेक्षा साधी असते. एका खात्यांतून वजा झालेली रक्कम दुसऱ्या खात्यांत जमा झालीच पाहिजे, आणि तीही विनाविलंब. मध्येंच वीज गेली म्हणून अर्धामुर्धा व्यवहार उरतां कामा नये. संगणकाच्या दप्तराला, म्हणजे डेटाबेसला, हा धडा आरंभींच गिरवावा लागला.

या कामाचा वेग मोजावा कसा? १९८५ च्या एप्रिलमध्यें 'डेटामेशन' या अमेरिकन मासिकांत जिम ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निनांवी राहून एक कसोटी मांडली: १,००० शाखा, १०,००० रोखपाल व १ कोटि खातीं असलेली कल्पित पेढी, सेकंदाला १०० व्यवहार, आणि शेंकडा ९५ व्यवहारांचें उत्तर एका सेकंदाच्या आंत. विक्रेते ही कसोटी सोयीप्रमाणें वांकवूं लागले, तेव्हां १९८८ सालीं नियम घालून देणारें टीपीसी हें मंडळ स्थापन झालें.

परंतु जग केवळ जमाखर्चाचें नाहीं. कर्जरोख्यांच्या बाजारांत पुष्कळदां प्रत्येक महिना ३० दिवसांचा धरून व्याज मोजतात. १५ फेब्रुवारी ते १५ मार्च हे तेथें ३० दिवस! कालगणनेला चिकटून राहणारें दप्तर एरव्हीं २८ सांगे. नकाशावरील जमिनीचा तुकडा तर त्याला उमगतच नसे. मग साऱ्या नोंदी बाहेर काढून हिशेब निराळा करावा लागे, आणि वेग तेथेंच मारला जाई.

१९८६ सालीं बर्कले येथें मायकेल स्टोनब्रेकर व लॉरेन्स रो यांनीं 'पोस्टग्रेस'ची योजना मांडली. नवा पदार्थ, त्याची तुलना करण्याची रीत व त्याची सूची या गोष्टी वापरणाऱ्यानेंच दप्तराला शिकवाव्या, ही तिच्यांतील मुख्य कल्पना. दप्तरास नवीं दारें फुटलीं. मात्र वेग मागें राहिला. जुनी नोंद न खोडतां नवी लिहिण्याची पद्धत होती, आणि व्यवहार पुरा होतांना बदललेलें प्रत्येक पान तबकडीवर उतरवावें लागे.

आपल्या व्यापाऱ्यांची कीर्द-खतावणी येथें आठवते. आधीं कीर्दींत ओळ लिहावी, खतावणी सवडीनें करावी. इतर मोठ्या दप्तरांत ही रीत पूर्वींच रुळली होती; पोस्टग्रेसच्या वंशांतील 'पोस्टग्रेस्क्यूएल'मध्यें ती २००१ सालीं आली. त्याच वर्षीं नकाशांचें ज्ञान देणारें 'पोस्टजीआयएस' हें जोडकाम प्रथम प्रसिद्ध झालें. वेग व विस्तार यांचें वैर अटळ नव्हतें, हें त्या वर्षानें दाखविलें.

तथापि उघड्या दाराची जोखीम उरतेच. बाहेरून जोडलेला भाग दप्तराच्या गाभ्यांत चालतो. तो कोसळला तर चालू असलेले सर्व व्यवहार थांबवून कीर्दीवरून दप्तर सावरावें लागतें. पुरे झालेले व्यवहार वांचतात, अर्धवट राहिलेले रद्द होतात. म्हणून दार उघडणाऱ्यानें पाहुणा पारखून घ्यावा. आणि कीर्द मात्र नेहमीं आधीं लिहावी.