शिंपले-संकलन, उल्हास खाडीतील

खाडीच्या चिखल-वाळूतून तिसऱ्या व खडकांवरून कालवे ओहोटीच्या वेळी काढण्याचा ठाणे जिल्ह्यातील कोळी स्त्रियांचा परंपरागत व्यवसाय. जिवंत शिंपला हात लागताच मिटतो. उघडाच राहणारा मेलेला समजून टाकून देतात. ही जुनी कसोटी ताजेपणाची होती, पाण्याच्या शुद्धतेची नव्हे.

बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर ही शहरे समुद्रापासून दूर असली, तरी त्यांचे सांडपाणी उल्हास व तिची उपनदी वालधुनी यांतून याच खाडीत येते. निर्वासितांच्या छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. पुढे या परिसरात रासायनिक कारखाने वाढले. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना खाडीच्या गाळात पारा आढळला. शिंपले पाणी गाळून अन्न मिळवितात. त्यामुळे रोगजंतू व जड धातू त्यांच्या शरीरात साचतात. पुरेसे उकळल्यास बहुतेक जंतू मरतात, धातू मात्र राहतात. जपानमध्ये पाऱ्याने दूषित मासे व शिंपले खाल्ल्याने झालेला मिनामाता विकार १९५६ मध्ये उघडकीस आला. म्हणून शिंपला जिवंत असणे पुरेसे नसून तो कोणत्या पाण्यातील आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.