लोणारचं वय किती? ± च्या पुढच्या आकड्याची गोष्ट



पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीनं परवा विचारलं, "ताई, निकालात ± च्या पुढे जो आकडा लिहितात तो नेमका आणायचा कुठून? दहा रीडिंग घेतली, प्रमाण विचलन काढलं, लिहून टाकलं. एवढंच ना?"

एवढंच नाही. पण का नाही, हे सूत्र सांगून पटत नाही. म्हणून आज एक गोष्ट सांगते. ती आमच्या जालना जिल्ह्याच्या सीमेवरची आहे.

माझं गाव मंठा तालुक्यात. तिथून लोणार जवळ. तालुक्याची हद्द ओलांडली की बुलढाणा जिल्हा आणि थोडं पुढे गेलं की ते खाऱ्या पाण्याचं गोल सरोवर. शाळेची सहल बहुतेक वेळा तिकडेच जायची. दैत्यसूदन मंदिर बघायचं, लवणासुराची कथा ऐकायची, मग काठावर उभं राहून सर सांगायचे, "उल्का पडून झालेलं विवर. वय पन्नास हजार वर्षं." आम्ही वहीत लिहून घ्यायचो.

एमएस्सीला असताना एका शोधनिबंधात वाचलं : लोणारचं वय ५,७०,००० वर्षं. मला वाटलं, शून्य जास्त पडलं असेल. तसं नव्हतं. एकच खड्डा, दोन वयं आणि त्यांत दहापटींहून जास्त फरक. दोन्ही आकड्यांपुढे ± व्यवस्थित लिहिलेला.

आधीचा प्रश्न : खड्डा झाला कसा?

वयाच्या आधी उत्पत्तीचाच वाद होता. लोणार दख्खनच्या बेसाल्टमध्ये आहे, म्हणजे ज्वालामुखीच्या खडकात. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात बहुतेकांनी त्याला ज्वालामुखीचंच काम मानलं, आणि तेव्हाच्या माहितीवर ते चूक म्हणता येत नाही.

१८९६ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी अ‍ॅरिझोनातल्या 'कून ब्यूट' खड्ड्यावरच्या निबंधात लोणारशी त्याचं साम्य दाखवलं. त्यांनी दोन कसोट्या लावल्या होत्या. उल्का खाली गाडली गेली असेल, तर काठावर साचलेला मलबा खड्ड्यात मावणार नाही, उरेल. आणि लोखंडामुळे चुंबकसुई हलेल. मोजलं तर मलबा आणि खड्डा दोन्ही जवळपास सारखे भरले आणि सुईही हलली नाही. निष्कर्ष : उल्का नाही, वाफेचा स्फोट.

आज तो खड्डा 'मीटिऑर क्रेटर' म्हणून ओळखला जातो. तो उल्केचाच आहे. गिल्बर्ट यांचं मोजमाप काळजीपूर्वक होतं, चुकलं ते गृहीतक. एवढ्या वेगानं येणारी उल्का आदळताना बहुतांशी वितळते, विखुरते. ती खाली अख्खी बसून राहत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लोणारचा निकाल १९७३ मध्ये लागला. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी 'सायन्स'मध्ये निबंध लिहिला. विवराच्या तळात घेतलेल्या छिद्रांतल्या खडकात त्यांना मॅस्केलिनाइट सापडलं होतं. प्रचंड आघाताच्या दाबाखाली फेल्डस्पारची जी काच होते, ती ही. ज्वालामुखीत एवढा दाब येत नाही. उत्पत्तीचा प्रश्न मिटला. मग उरलं वय.

वेगवेगळी घड्याळं

पहिला अंदाज विखंडन-रेषांवरून आला : पन्नास हजार वर्षांच्या आसपास. काचेतल्या युरेनियमचे अणू फुटतात, त्यांचे सूक्ष्म ओरखडे राहतात, ते मोजायचे. पण बेसाल्टच्या काचेत युरेनियम थोडं आणि काच तरुण, त्यामुळे ओरखडे कमी. याच पद्धतीनं २००४ मध्ये आलेला आकडा बघा : १५,००० ± १३,००० वर्षं. हसू नका. हा प्रामाणिक आकडा आहे. मोजायला कमी असेल तर ± मोठा येणारच.

१९९७ मध्ये तापदीप्तीवरून वय आलं ५२,००० ± ६,०००. सहलीतल्या 'पन्नास हजार'ला यातून आधार मिळाला. आघाताच्या उष्णतेनं काचेत साठलेली ऊर्जा निघून जाते, घड्याळ शून्यावर येतं. नंतर आजूबाजूच्या किरणोत्सारामुळे ऊर्जा पुन्हा साठू लागते. प्रयोगशाळेत नमुना तापवला की ती प्रकाशरूपात बाहेर पडते. साठलेली मात्रा भागिले दरवर्षीची मात्रा, की वय मिळालं.

२०११ मध्ये जुर्दां आणि सहकाऱ्यांनी आर्गॉन-आर्गॉन पद्धतीनं ५,७०,००० ± ४७,००० हे वय दिलं. पोटॅशियम-४० चा क्षय होऊन आर्गॉन-४० तयार होतो. खडक वितळला की आर्गॉन उडून जातो आणि घड्याळ पुन्हा सुरू होतं.

२०१४ मध्ये वैश्विक किरणांमुळे खडकात तयार होणाऱ्या बेरिलियम-१० आणि अ‍ॅल्युमिनियम-२६ वरून वेगळ्या गटानं वय काढलं : सुमारे ३७,५०० ± ५,०००. वाद पुन्हा उघडा पडला.

सरासरी काढायचा मोह

आता वही घ्या. १९९७ आणि २०११ चे दोन आकडे हजार वर्षांत लिहा : ५२ ± ६ आणि ५७० ± ४७. फरक ५१८. त्या फरकाची अनिश्चितता म्हणजे ६ आणि ४७ च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, सुमारे ४७.४. म्हणजे फरक त्याच्या अनिश्चिततेच्या जवळपास अकरापट. योगायोगानं असं होत नाही.

तरी हट्टानं भारित सरासरी काढली तर काय येतं? ६० ± ६. किती नीटस आकडा! आणि पूर्ण निरर्थक, कारण ६० हजार वर्षं असं एकही घड्याळ सांगत नाही. ± लहान असलेल्या आकड्यानं सरासरी स्वतःकडे ओढली, एवढंच. सॉफ्टवेअर तुम्हाला हा ६० ± ६ विनातक्रार देईल. म्हणून आकडे एकत्र करण्याआधी ते एकमेकांशी जुळतात का, हे तपासायचं असतं.

± मध्ये काय धरलं, काय राहिलं?

गिल्बर्ट आठवा. मोजमाप बरोबर, गृहीतक चूक. इथे प्रत्येक घड्याळाचं स्वतःचं गृहीतक आहे.

तापदीप्तीत ऊर्जा साठवणाऱ्या जागा मर्यादित असतात. त्या भरल्या की घड्याळ थांबल्यासारखंच. शिवाय काही ऊर्जा हळूहळू गळते. दोन्ही कारणांनी वय खरं असेल त्यापेक्षा कमी दिसतं. वैश्विक किरणांच्या पद्धतीत पृष्ठभाग झिजला की तेच होतं.

आर्गॉनचं उलट. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, त्यात जुना आर्गॉन आधीच भरलेला. आघातात तो सगळा उडाला असं धरायचं. समजा एक टक्का राहिला. ६.६ कोटींचा एक टक्का किती? ६.६ लाख वर्षं! म्हणजे काल वितळलेला खडकसुद्धा साडेसहा लाख वर्षांचा भासेल. इथे वय जास्त दिसतं. जुर्दां यांना हे नीट माहीत होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या त्स्वाइंग विवराच्या काचेतल्या याच अडचणीवर त्यांनी २००७ मध्ये लिहिलं होतं. लोणारच्या वेळी त्यांनी वारशानं आलेला आर्गॉन वेगळा काढायचा प्रयत्न केला आणि मगच आकडा दिला. विवरांच्या काही याद्यांत तोच दिसतो. तरी २०१४ चा आकडा समोर उभा आहेच.

म्हणजे ± ६ किंवा ± ४७ खोटे नाहीत. ते 'गृहीतक खरं असेल तर' या अटीवर खरे आहेत. अट न वाचता आकडा उचलला की फसलो.

मापनशास्त्रानं ही गोष्ट फार उशिरा नियमात बांधली. १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय वजन-मापे ब्युरोच्या कार्यगटानं शिफारस केली आणि १९९३ मध्ये अनिश्चितता मांडण्याची मार्गदर्शिका निघाली, जिला सगळे 'गम' म्हणतात. तिनं घटकांचे दोन प्रकार केले. टाइप ए म्हणजे पुनःपुन्हा घेतलेल्या रीडिंगच्या संख्याशास्त्रातून काढलेली अनिश्चितता. टाइप बी म्हणजे इतर माहितीवरून काढलेली, जसं की कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, उपकरणाची माहितीपुस्तिका, आधीचा अनुभव. एक गैरसमज इथेच काढून टाका : ए म्हणजे यादृच्छिक आणि बी म्हणजे पद्धतशीर, असं नाही. फरक फक्त आकडा कसा काढला याचा आहे. काढल्यावर दोन्ही एकाच मापानं एकत्र करायचे.

माझी फजिती

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी भट्टीचं तापमान दहा वेळा मोजलं. प्रमाण विचलन ०.३ अंश आलं. दहाच्या वर्गमुळानं भागलं आणि ऐटीत लिहिलं : ± ०.१ अंश. गाइडनी एकच विचारलं, "थर्मोकपल काय म्हणतं?" पुस्तिकेत सहनमर्यादा होती ± १.५ अंश. ती ३ च्या वर्गमुळानं भागली की ०.८७. दोन्ही एकत्र केल्यावर आलं ०.९. मी नऊपट कमी अनिश्चितता सांगत होते. आणखी शंभर रीडिंग घेतली असती तरी त्यात काही फरक पडला नसता, कारण तीच चूक शंभर वेळा मोजली गेली असती.

तेव्हा त्या मुलीला आणि तुम्हालाही सांगते. ± लिहिण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा. एक, हे मोजमाप कोणत्या गृहीतकावर उभं आहे? दोन, ते मोडलं तर आकडा कोणत्या बाजूला सरकेल, वर की खाली? तीन, वेगळ्या गृहीतकावरची दुसरी पद्धत मला मिळेल का? मुलाखतीत नेमकं हेच विचारतात.

गेल्या दिवाळीत भाच्याला लोणारला घेऊन गेले होते. काठावर उभं राहून त्यानं विचारलं, "मावशी, हे किती जुनं?" मी म्हटलं, "काही घड्याळं पन्नास हजारांच्या आत-बाहेर सांगतात, एक पावणेसहा लाख सांगतं. कोणतं कुठे चुकत असेल, ते शोधायचं काम चालू आहे." त्याला हे उत्तर पन्नास हजारांपेक्षा जास्त आवडलं.

तुमच्या प्रयोगातली टाइप बी कोणती, ते खाली नक्की लिहा. पुढच्या वेळी अनिश्चिततेचं अंदाजपत्रक कसं मांडायचं ते बघू.